जर्मनीला चार इंजिनिअर पाठवताय? आधी फोन कोण उचलणार ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली तीनेकशे माणसांची ऑटो कंपोनंट कंपनी. स्टुटगार्टजवळ त्यांच्याच ग्रुपची कंपनी आहे, तिथे चार इंजिनिअर दोन वर्षांसाठी जाणार, त्यातले दोघे बायको-मुलांसह. विचारणाऱ्या बाई तिथे एचआर बघतात. त्या लिहितात, ‘व्हिसा एजंट बघतोय, तिकिटं ॲडमिन काढेल. याआधी आम्ही कोणालाच इतक्या दिवसांसाठी पाठवलेलं नाही. नोव्हेंबरमध्ये पाठवायचं चाललंय. एचआरमध्ये मी आणि एक असिस्टंट, एवढंच. आणखी काय काय करावं लागेल? मालक म्हणतात बॉण्ड घ्या, तर घ्यावा का?’

सातपूर-अंबडमध्ये मी २२ वर्षं एचआर केलं. त्यातली शेवटची ११ वर्षं परदेशी जाणाऱ्यांच्या फायली माझ्याच टेबलावर असायच्या. बॉण्डचं, म्हणजे मध्येच नोकरी सोडली तर कंपनीला पैसे भरून द्यायच्या कराराचं, शेवटी सांगते.

व्हिसा आणि तिकिटांची काळजी करू नका, ती कामं होतात. एजंटला त्याचे पैसे मिळतात, ॲडमिनला ती सवयीची असतात. अडतं ते जे काम कोणाच्याच नावावर नसतं. एक प्रसंग सांगते, त्यात माझीही चूक आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी आमचा एक टूल डिझायनर तिकडे होता, निफाडकडचा. एका गुरुवारी रात्री त्याच्या वडिलांना नाशकात आयसीयूत ठेवलं. आमच्या पॉलिसीत लिहिलं होतं की जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू झाल्यास कंपनी तिकीट देईल. आजारपणाबद्दल अक्षर नव्हतं. शुक्रवारी त्याने साहेबाला मेल केला, साहेबाने मला केला, मी फायनान्सला पुढे ढकलला. तिकडची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. फायनान्सवाले बस पकडून घरी गेलेले. मंजुरी आली सोमवारी सकाळी सव्वादहाला. वडील रविवारी पहाटेच गेले होते. अग्नी चुलतभावाने दिला. हा मंगळवारी पोचला आणि अस्थी घेऊन रामकुंडावर गेला. मला एका शब्दाने बोलला नाही. परतल्यावर खर्चाची बिलं दिली, त्याला मंजुरीच्या त्या मेलची प्रिंट जोडलेली होती. मेलच्या वेळेवर पिवळा हायलायटर मारलेला.

त्यानंतर मी मालकांकडे दोनच गोष्टी मागितल्या. एक वेगळा मोबाइल नंबर, जो फक्त परदेशातल्या आमच्या माणसांकडे आणि त्यांच्या घरच्यांकडे असेल. आणि एक लाख रुपयांपर्यंत कोणालाही न विचारता खर्च करायची मुभा, हिशोब नंतर. मालक थोडे कुरकुरले, पण दिली. पुढच्या अनेक वर्षांत ती मुभा मी पाच-सहा वेळाच वापरली असेल.

तुम्ही दोघीच आहात, म्हणून सगळ्यात आधी हे ठरवा. नंबर कोणाकडे असेल, ती रजेवर असली तर कोणाकडे जाईल, आणि तिच्या हातात किती पैसे असतील. उन्हाळ्यात आपण जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. माणूस कामावरून येऊन, जेवून सातला फोन करतो तेव्हा आपल्याकडे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. तेव्हा हे काम जिच्या गळ्यात घालाल तिला दुसऱ्या दिवशी उशिरा यायची सवलत द्या, किंवा वेगळा भत्ता. फुकटात कोणी वर्षभर रात्री फोन उचलत नाही.

आता कागद. पहिला निर्णय असा की माणूस तुमच्याच पेरोलवर राहून तिकडे जाणार की तिकडच्या कंपनीच्या पेरोलवर. व्हिसाचा प्रकार, पीएफ, कर, विमा, परतीचा हक्क, सगळं यावरून ठरतं. तुमच्या पेरोलवर राहून ग्रुप कंपनीत जायचं तर आयसीटी कार्ड, म्हणजे एकाच ग्रुपमध्ये बदलीवर जाणाऱ्यांचा परवाना, हा रस्ता आहे. मॅनेजर आणि तज्ज्ञ मंडळींना ते जास्तीत जास्त तीन वर्षांचं मिळतं, आणि त्याआधी तुमच्याकडे सलग किमान सहा महिने नोकरी झालेली लागते. पगार तिकडच्या तशाच कामाच्या माणसाइतका दाखवावा लागतो, त्यामुळे ‘इकडचा पगार आणि वर थोडा डेली अलाउन्स’ हे गणित बसत नाही. मालकांना हे आत्ताच सांगा, ऑफर लेटर टाइप झाल्यावर नको. तिकडच्या पेरोलवर घेतलं तर ब्लू कार्ड, म्हणजे तिकडच्या कंपनीत नोकरी करायचा उच्चशिक्षितांचा परवाना, पण मग तो तिकडचा कर्मचारी होतो आणि परत यायला बांधील राहत नाही.

तुमच्या पत्रात एक ओझरतं वाक्य होतं, की यातले दोघे ‘बहुतेक वेळ कस्टमरच्या लाइनवर’ असतील. तिथे थांबा. आयसीटी कार्ड स्वतःच्या ग्रुपमधल्या बदलीसाठी असतं. माणूस रोज दुसऱ्याच कंपनीत जाऊन तिच्या सुपरवायझरच्या हाताखाली काम करू लागला तर जर्मन कायद्यात तो मजूर भाड्याने दिल्याचा प्रकार होऊ शकतो, आणि त्याचे नियम कडक आहेत. तिकडच्या वकिलाकडून हे लेखी घ्या, एजंटच्या ‘होऊन जाईल मॅडम’वर राहू नका. तसंच ‘तोवर बिझनेस व्हिसावर पाठवून द्या’ असं कोणी म्हटलं तर साफ नाही म्हणा. तो व्हिसा मीटिंगसाठी असतो, मशीनवर उभं राहण्यासाठी नसतो. पकडला गेला की त्या मुलाच्या पासपोर्टला डाग लागतो, एजंटला काही होत नाही.

पीएफचं मात्र सोपं आहे. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. तुमच्या पेरोलवर असलेल्या माणसासाठी ईपीएफओकडून कव्हरेज सर्टिफिकेट काढलंत तर ४८ महिन्यांपर्यंत तिकडची पेन्शनची आणि बेरोजगारी विम्याची वर्गणी भरावी लागत नाही, इथला पीएफ चालू राहतो. अर्ज ऑनलाइन होतो. निघण्याआधी काढा आणि एक प्रत माणसाच्या हातात द्या. नुसती तुमच्या फायलीत असून उपयोग नाही. आरोग्य विमा या करारात येत नाही, त्याची सोय वेगळी.

कराबद्दल शॉप फ्लोअरवर एक समज फिरत असतो, ‘सहा महिन्यांच्या आत परत आलं की तिकडे टॅक्स नाही.’ १८३ दिवसांची अट आहे खरी, पण ती एकटी नाही. पगाराचा खर्च तिकडच्या कंपनीवर टाकला की ती सवलत जाते. तुमचे लोक दोन वर्षं जाणार म्हणजे तिकडे कर लागणारच. प्रश्न इतकाच की तो कोणाच्या खिशातून जाणार. आम्ही पत्रात मराठीतच लिहायचो: ‘तू नाशकात असतास तर जेवढा कर कापला गेला असता तेवढाच तुझा. वरचा सगळा कंपनीचा.’ मोठ्या कंपन्यांत याला टॅक्स इक्वलायझेशन म्हणतात आणि त्यावर चाळीस पानी पॉलिसी असते. तुम्हाला ही दोन वाक्यं आणि दोन्हीकडचा एकेक सीए पुरे. दोन्हीकडची रिटर्न भरायची फी कंपनीने द्यायची, हेही त्यात लिहा. पगार इथल्या खात्यात जमा होणार की तिकडच्या, यानेही इथल्या करात फरक पडतो. ते सीएला निघण्याआधी विचारा, मार्चमध्ये नको.

आणि आता तुमचा नोव्हेंबर. कृपा करून नोव्हेंबरात पाठवू नका.

एक कारण कराचंच आहे. नोकरीसाठी परदेशी निघालेला भारतीय माणूस त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस किंवा जास्त राहिला तर इथे करासाठी रहिवासी धरला जातो. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस भरतात. नोव्हेंबरात निघालेला माणूस त्या वर्षापुरता इथला रहिवासी राहतो, तिकडचं उत्पन्न इथे दाखवायचं, तिकडे भरलेल्या कराचं क्रेडिट मागायचं, ही कटकट मागे लागते. दुसरं कारण मुलांचं. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे शाळा सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतात. आपल्याकडचं मूल नोव्हेंबरात जाऊन बसलं तर वर्गात त्याच्या ओळखी व्हायच्या आधीच सगळ्यांचे गट पडलेले असतात. तिसरं कारण उजेड. डिसेंबरात तिकडे साडेचारला अंधार होतो. गंगापूर रोडवर संध्याकाळी सातला मैत्रिणींबरोबर फिरायची सवय असलेली बाई, अनोळखी गाव, नवरा प्लांटवर, बाहेर काळोख आणि दोन डिग्री. मी अशा एका घराला नोव्हेंबरात पाठवलं होतं. फेब्रुवारीत ती आणि मूल परत आले, आणि जूनमध्ये तोही. आमच्या फाइलवर ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहिलं गेलं. कारण वैयक्तिक नव्हतं, आमच्या प्रोजेक्ट प्लॅनमधला महिना चुकला होता.

म्हणून ऑगस्ट. ऊन असतं, शाळा उघडायला तीन-चार आठवडे हातात असतात, कराचा हिशोब बसतो. प्रोजेक्ट मॅनेजरशी भांडायचंच असेल तर याच एका मुद्द्यावर भांडा.

कागदांत आपल्याकडे हमखास अडतं ते नावावर. पासपोर्टवर बायकोचं माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, त्यातही लग्नात पहिलं नावच बदललेलं, मुलाच्या जन्मदाखल्यात आईचं तिसरंच. कित्येकांच्या लग्नाची नोंदणीच झालेली नसते. मंगल कार्यालयाची पावती आणि अल्बम एवढाच पुरावा. चौघांकडून आजच सगळे दाखले मागवा आणि नावं एकाखाली एक लिहून काढा. जिथे जुळत नाहीत तिथे दुरुस्ती, राजपत्र, नवा पासपोर्ट, जे लागेल ते सुरू करा. महापालिका आणि ग्रामपंचायतीच्या चकरांत दोन-तीन महिने सहज जातात. व्हिसाची तारीख मिळाल्यावर हे लक्षात आलं तर पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन हात हलवत परत यावं लागतं.

पोचल्यावरचे पहिले सहा आठवडे जरा तपशिलात सांगते, कारण खरी मदत तिथे लागते.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत तिकडच्या नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. तो नसेल तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर टॅक्स नंबर नाही, पुढे बँक, मोबाइल, बालवाडी सगळं लटकतं. म्हणून सुरुवातीचं घर बुक करताना भाडं, बाल्कनी, स्टेशनचं अंतर नंतर विचारा. आधी हे विचारा, ‘नोंदणीचा कागद देणार का?’ बरीच स्वस्त सर्व्हिस अपार्टमेंट तो देत नाहीत. पहिले तीन महिने फर्निचरसकट घर कंपनीने घ्यावं, तोवर त्यांनी पक्कं घर शोधावं. पक्क्या घरासाठी डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागतात. ते कंपनीने बिनव्याजी ॲडव्हान्स द्यावं. आणि तिकडे रिकामं घर म्हणजे खरोखर रिकामं. ओटा, सिंक, शेगडीसुद्धा आधीचा भाडेकरू काढून नेतो. आमच्या एका मुलाने पहिले अकरा दिवस बाथरूमच्या बेसिनमध्ये तांदूळ धुतले. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत म्हणे, पण बहिणीच्या गावात घर मिळायला त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

टपालपेटीवर आडनाव चिकटवायला सांगा. हसू नका. तिथे फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि तो देश अजून पत्रांवर चालतो. बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या पाकिटात, टॅक्स नंबर तिसऱ्या.

एका इंजिनिअरची बायको अशी पत्रं आली की फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवायची. एकदा रात्री पावणेबाराला फोटो आला, खाली लिहिलेलं, ‘ताई, पोलिसांचं वाटतंय. यांना सांगू का?’ मी भाषांतराच्या ॲपमध्ये टाकलं. ती घरटी भरायची रेडिओ-टीव्हीची वर्गणी होती, महिन्याला १८.३६ युरो, तीन महिन्यांचे ५५.०८. टीव्ही नसला तरी ती प्रत्येक घराला असते. तिने चार दिवस ते पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं, नवऱ्याला टेन्शन नको म्हणून. चार दिवस एक शिकलेली बाई, इथे कॉलेजात शिकवणारी, एका वर्गणीच्या बिलाला घाबरून बसली होती. तेव्हापासून निघण्याआधीच्या बैठकीत मी अशा सात-आठ पत्रांचे नमुने टेबलावर ठेवायचे आणि बायकोला वाचायला लावायचे. नवऱ्याला नाही. तो दिवसभर घरी नसतो.

त्या बैठकीला बायको आलीच पाहिजे, आणि तिच्याशी निम्मा वेळ एकटीशी बोला. सासूबाईंसमोर ती ‘मला काय, हे म्हणतील तसं’ म्हणते. एकटी असली की विचारते, ‘माझ्या नोकरीचं काय?’ आयसीटी किंवा ब्लू कार्डवर गेलेल्याच्या जोडीदाराला तिकडे काम करायची परवानगी मिळते, आणि व्हिसासाठी जर्मनची परीक्षाही मागत नाहीत. पण परीक्षा मागत नाहीत म्हणून भाषा शिकवायची नाही, ही चूक आम्ही केली. प्लांटमध्ये त्याचं इंग्रजीवर भागतं. डॉक्टरच्या रिसेप्शनवर, शाळेच्या पालकसभेत, बसमध्ये तिचं भागत नाही. नाशकात जर्मनचे क्लास आहेत, नाहीतर पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनचे ऑनलाइन वर्ग आहेत. निघण्याआधी चार महिने दोघांची फी भरा. तिची आधी. नवरा-बायकोच्या जागा उलट असतील, म्हणजे इंजिनिअर ती आणि सोबत जाणारा तो, तर हे सगळं दुप्पट लागू. तो तर विचारतही नाही.

मुलांचं थोडक्यात. तिकडे शाळा सक्तीची आहे, घरी बसवून ऑनलाइन नाशिकची शाळा चालू ठेवता येत नाही. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी तयारी वर्ग असतात. सहा-सात वर्षांचं मूल वर्षभरात बोलू लागतं. नववी-दहावीतलं मूल असेल तर त्या इंजिनिअरला पाठवू नका, किंवा एकट्याला पाठवून तिकिटं वाढवून द्या. आंतरराष्ट्रीय शाळेची फी भरायची ताकद असेल तर गोष्ट वेगळी. इथल्या शाळेशी परत प्रवेशाबद्दल आधी बोलून ठेवा.

विमा. ॲडमिनवाले ट्रॅव्हल इन्शुरन्स काढतील आणि काम झालं म्हणतील. तो प्रवासाचा विमा आहे. जुना आजार आणि बाळंतपण त्यात बहुतेक वेळा येत नाही, आणि पंचविशी-तिशीतली जोडपी दोन वर्षांसाठी पाठवताय तर बाळंतपणाचा विचार तुम्हीच करायला हवा. ती तुम्हाला सांगणार नाहीत. दुसरी गोष्ट याहून सहज निसटते: माणूस इथल्या पेरोलवरून उतरला की इथली ग्रुप मेडिक्लेम बंद होते आणि तिच्याबरोबर त्याच्या आई-वडिलांचं कव्हरही. पासष्टीच्या पुढच्या बीपी-शुगरवाल्या माणसाला नवी पॉलिसी कोण देतो, आणि कितीला? विमा कंपनीशी आत्ताच बोलून आई-वडिलांची नावं चालू ठेवा.

आई-वडिलांसाठी मी प्रत्येक घरी एकदा जायचे. सिडकोत, जेलरोडला, पिंपळगावला. चहा घ्यायचा आणि एक कागद भरायचा. कोणत्या हॉस्पिटलला जाता, डॉक्टर कोण, गोळ्या कोणत्या, मेडिक्लेमचं कार्ड कुठे ठेवलंय, शेजारी किल्ली कोणाकडे. त्या कागदाच्या तळाला आपला तो नंबर मोठ्या अक्षरात. एका आजोबांनी तो देवघराच्या दारावर चिकटवला होता. यात पैसा शून्य, दोन रविवार जातात. मुलगा तिकडे निवांत झोपतो तो यामुळे.

आता सुट्टी. तिकडचा प्लांट ख्रिसमसला बंद म्हणून आमची वार्षिक घरी यायची सुट्टी डिसेंबरात ठरलेली. पिंपळगावचा एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, मला डिसेंबर नको, ऑक्टोबर द्या.’ चार एकर द्राक्ष, वडील एकटे, आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची. छाटणी झाल्यावर कोवळ्या फुटीवर पाऊस आला की डाउनी या बुरशीच्या रोगावरची फवारणी रात्री-अपरात्री करावी लागते, मजूर मिळत नाहीत. डिसेंबरात येऊन तो करणार काय, नुसती बाग बघणार? तिकडच्या मॅनेजरला ही गोष्ट समजावायला मला एक फोन आणि बागेचे तीन फोटो लागले. मिळाली सुट्टी. तुमच्या चौघांत शेतीवाला कोणी असेल तर आधीच विचारा. ऑगस्टच्या मध्याला निघाला असेल तर पहिल्याच वर्षी छाटणीला तीन आठवडे येऊनही वरचा १८२ चा हिशोब मोडत नाही.

सटरफटर वाटणाऱ्या पण छळणाऱ्या गोष्टी आता भराभर. इथलं सिम बंद पडू देऊ नका. आधार, बँक, पीएफ सगळ्यांचे ओटीपी त्यावर येतात. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करायला लावा. घर भाड्याने देणार असेल तर घरमालक अनिवासी झाल्यावर भाडेकरूला टीडीएस कापावा लागतो, हे दोघांना आधी सांगा. मुखत्यारपत्र घाईत ‘सर्वाधिकार’ असं करू नका, कोणत्या कामांसाठी ते लिहा. भावाभावांतली भांडणं मी पाहिलीत. इथल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर तिकडे राहायला गेल्यापासून सहा महिनेच गाडी चालवता येते, पुढे परीक्षा. काळा मसाला, कुरडया, पापड खुशाल न्या. पण साजूक तूप, पेढे, खवा नको. युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. एका आईने दोन किलो तूप कढवून दिलं होतं, ते फ्रँकफर्टला कचऱ्यात गेलं. त्या माउलीला आम्ही अजून सांगितलेलं नाही.

परतीचं पत्र जातानाच द्या. हे मी फार उशिरा शिकले. आमचा पहिला परत आलेला माणूस सोमवारी कामावर आला तेव्हा त्याच्या टेबलावर दुसरा बसला होता. त्याला लॅपटॉप देऊन कॉन्फरन्स रूममध्ये बसवलं, ‘दोन आठवड्यांत बघू.’ मीटिंग असली की त्याला उठून कँटीनमध्ये जावं लागायचं. दोन वर्षं जर्मन कस्टमरसमोर एकट्याने निर्णय घेतलेला माणूस इथे टूल रूममधून एक इन्सर्ट मागवायला तीन सह्या गोळा करत होता. पाचव्या महिन्यात चाकणच्या दुसऱ्या कंपनीत गेला, आणि तिकडे शिकलेलं सगळं घेऊन गेला. म्हणून पत्रात लिहा: परतल्यावर कोणत्या पातळीवर, कोणाच्या हाताखाली, इथली दोन वर्षांची पगारवाढ धरून किती पगार. परतीच्या सहा महिने आधी प्लांट हेडने त्याला फोन करायचा, एचआरने नाही. आणि परतल्यावर बायकोलाही एकदा भेटा. तिकडे एकटीने रेल्वेने फिरायला लागलेली, स्वतःचं खातं चालवणारी बाई पुन्हा एकत्र कुटुंबात येते. त्याबद्दल तुम्ही काही करू शकत नाही, पण ‘कसं चाललंय’ एवढं विचारता येतं.

आणि बॉण्ड. घ्या, पण मालकांच्या डोक्यात आहे तसा नको. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्यावर वाजवी भरपाईच मिळते. कागदावर दहा लाख लिहिले म्हणून कोर्ट दहा लाख देत नाही. व्हिसा, तिकिटं, भाषेचा क्लास, सामान हलवणं असा प्रत्यक्ष झालेला खर्च लिहा, पगार त्यात धरू नका, आणि परतल्यानंतर बारा महिन्यांत दरमहा एक बारांश कमी होत जाईल असं ठेवा. मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेऊ नका, मालक म्हणाले तरी. आणि बॉण्डच्या कागदाबरोबरच परतीचं पत्र समोर ठेवा, दोन्हींवर एकाच बैठकीत सह्या होऊ देत.

तिकिटं काढण्याआधी एका रविवारी रात्री अकराला त्या नंबरवर स्वतः फोन लावून बघा. कोणी उचलला नाही तर तिकिटं थांबवा.